पोकळ अंगाची विजेची गिटार

'पोकळ' हा शब्द आपल्या भाषेत कुणी कौतुकाने वापरीत नाही. पोकळ बडबड, पोकळ डौल, बडा घर पोकळ वासा. आतून रिकामे ते कुचकामाचे, असाच आपला समज. वाद्यांच्या दुनियेत मात्र या शब्दाला मोठा मान आहे. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ, मृदंगाचे खोड पोकळ, बासरीचा वेळू पोकळ, आणि गोंधळ्याच्या हातातले तुणतुणे तेही पोकळच. ही सारी भरीव असती तर मुकी राहिली असती.

आज ज्या वाद्याची ओळख करून घ्यायची आहे ते याच कुळातले, पण त्याच्या अंगात वीज शिरली आहे. पोकळ अंगाची विजेची गिटार, असे त्याला म्हणू. हे वाद्य अमेरिकेत घडले आणि तिथल्या नाचघरांत व जाझ संगीतात वाढले. आपल्याकडे ते पाहुणे म्हणून आले. पाहुणा घरात ठेवायचा तर त्याचा स्वभाव माहीत असावा. आता गावोगावची मुले गिटार मागू लागली आहेत. घरच्यांनी चार पैसे बाजूला काढून ती आणावी आणि पावसाळा सरेपर्यंत ती वाकडी होऊन कोपऱ्यात पडावी, असे होऊ नये. म्हणून ही गिटार बोलते कशी, रुसते कशी आणि तिला सांभाळावे कसे, ते क्रमाने पाहू.

आधी तारेचे पाहा. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. एका जाड फळीवर दोन खिळे ठोका आणि त्यांच्यामध्ये बारीक पोलादी तार घट्ट ताणा. तार छेडा. आवाज येईल, पण अगदी किरकोळ; शेवटच्या बाकावर तो पोहोचणार नाही. आता तीच फळी एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर किंवा लाकडी खोक्यावर टेकवून ठेवा आणि पुन्हा छेडा. आवाज एकदम भरेल. तार तीच, बोट तेच. मग वाढले काय? तार बारीक असते, ती हवेला फारशी ढकलू शकत नाही. सुईने पाणी ढवळण्यासारखेच ते. डब्याची पाठ रुंद असते. तारेचा थरकाप तिच्यात उतरला की ती मोठ्या पसरट भागातली हवा हलवते. गिटारीत हेच काम वरची पातळ फळी करते. तारा लाकडाच्या एका छोट्या घोडीवरून जातात आणि घोडी तो थरकाप फळीला देते. फळीखालची कोंडलेली हवाही मग घुमू लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली कशी घुमते, तसेच.

अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमाझू नावाचे गाव आहे. तिथे ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने 1890 नंतरच्या दशकात एक नवी रीत काढली. तोवर गिटारीची वरची फळी सपाट असे. गिब्सनने व्हायोलिनसारखी मधे फुगीर, कडेला उतरती अशी फळी जाड लाकडातून कोरून काढली. 1902 साली त्याच्या नावाची कंपनी निघाली. पुढे 1922 साली त्या कंपनीत लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली एल-5 नावाची गिटार तयार झाली. तिच्या फळीला मधोमध गोल भोक नव्हते. व्हायोलिनला असतात तशी इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन भोके दोन अंगांना होती. आजही पोकळ अंगाची गिटार लांबून ओळखायची खूण हीच: फुगीर छाती आणि दोन एफ.

एवढे करूनही गिटारीचे दैन्य संपले नाही. त्या काळी अमेरिकेत नाचगाण्यासाठी दहा-पंधरा वादकांचे ताफे असत. त्यांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि मोठे ढोल. लग्नाच्या वरातीत ताशा कडाडत असताना कुणी एकतारी घेऊन बसावे, तशी गिटारवाल्याची गत होई. त्याने मागे बसून ताल धरावा, एवढेच त्याचे काम. आवाज वाढावा म्हणून खोका मोठा करून पाहिला. 1934 साली गिब्सन कंपनीने 18 इंच रुंदीची गिटार काढली. पण लाकडालाही मर्यादा असते. पितळेपुढे ते किती ओरडणार?

इथे वीज मदतीला आली. सायकलच्या डायनॅमोचे उदाहरण घ्या. चाक फिरते, त्याबरोबर तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरते आणि दिवा लागतो. वेटोळ्याजवळ चुंबकाचा प्रभाव कमी-जास्त झाला की तारेत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे याने 1831 साली लावला. गिटारीतही तेच घडते. तारांच्या खाली एक लहानशी पेटी बसवतात. तिला पिकअप म्हणतात. तिच्यात चुंबक असते आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही किंचित चुंबकित होते. ती हलली की वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. तार सेकंदाला 110 वेळा थरथरली तर विजेची लाटही 110 वेळा उठते. ती लाट ध्वनिवर्धकाने मोठी करायची आणि कर्ण्यातून बाहेर सोडायची. जुन्या रेडिओत जे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, दुरून आलेली क्षीण लहर वाढवीत, तेच दिवे गिटारीच्या कामाला आले. म्हणजे विजेची गिटार ही रेडिओची धाकटी बहीणच म्हणा ना.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या पिकअपला कान नसतात. तो हवेतला आवाज ऐकत नाही. पोलादी तारेची हालचाल तेवढी टिपतो. नायलॉनची तार लावाल तर ती हाताखाली वाजेल, पण कर्ण्यातून काही येणार नाही. मग लाकडाला काय किंमत उरली, असे तुम्ही विचाराल. किंमत आहे. तार कशी हलावी, किती वेळ हलावी, हे लाकूड ठरवते. पोकळ गिटारीत तारेचा जोर चटकन फळीत उतरतो, म्हणून सूर टपोरा उमटतो आणि लवकर विरतो. पागोळीचा थेंब हौदात पडावा तसा. भरीव लाकडाच्या गिटारीत जोर तारेतच राहतो आणि सूर लांबत जातो.

गिब्सन कंपनीने 1936 साली ईएस-150 नावाची पोकळ अंगाची विजेची गिटार बाजारात आणली. नावातला 150 हा आकडा किमतीचा. गिटार आणि ध्वनिवर्धक मिळून साधारण 150 डॉलर पडत. या गिटारीला खरी वाचा दिली ती चार्ली ख्रिश्चन या तरुणाने. 1916 साली टेक्सास राज्यात तो जन्मला आणि ओक्लाहोमा शहरात वाढला. घर काळ्या लोकांच्या गरीब वस्तीतले. बाप तापाने आंधळा झालेला. बाप आणि मुले रस्त्यावर वाजवून पैसे मिळवीत. आपल्याकडे आंधळा बाप भजन म्हणतो आणि पोर त्याचा हात धरून चालते, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. 1939 साली बेनी गुडमन या नामांकित गोऱ्या वादकाच्या ताफ्यात चार्लीचा प्रवेश झाला. गोऱ्यांच्या ताफ्यात काळ्या वादकाने बसणे हीच त्या देशात तेव्हा मोठी गोष्ट होती. तिथे चार्लीने गिटारीला मागच्या रांगेतून पुढे आणले. सॅक्सोफोनवाला एकेक सूर घेऊन जशी सलग तान घेतो, तशी तो गिटारीवर घेई आणि ती साऱ्या ताफ्यावरून ऐकू जाई. त्याला मिळाली जेमतेम अडीच वर्षे. 1942 च्या मार्चमध्ये क्षयाने तो गेला. वय होते 25.

त्याची वाजवणी ध्वनिमुद्रिकांवर राहिली आणि तिनेच पुढच्यांना शिकवले. इंडियानापोलिस शहरात वेस माँटगोमेरी नावाचा तरुण होता. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. चार्लीच्या तबकड्या लावून, एकेक जागा कानाने उचलून तो शिकला. पोट भरण्यासाठी दिवसा कारखान्यात काम करायचे आणि सराव रात्री, असा क्रम. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने नखी टाकली आणि नुसत्या अंगठ्याने हळू वाजवू लागला. त्या अंगठ्याचा मऊ, भरीव सूर हीच पुढे त्याची ओळख झाली. एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम छेडण्याची त्याची लकब जगभरच्या वादकांनी उचलली. 1968 साली तो वारला. गुरू दूर असला, वेळ थोडा असला तरी कान जागा असेल तर विद्या येते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शिक्षकांना कुठे शोधावे लागणार नाही.

आता या वाद्याचा रुसवा पाहू. गावच्या सभेत माइक आणि कर्णा तुम्ही पाहिला आहे. बोलणारा माइक घेऊन कर्ण्यासमोर आला की एकाएकी 'कूंऽऽ' असा कर्कश आवाज उठतो आणि सगळे कानांवर हात ठेवतात. पोकळ गिटारीचेही तसेच होते. कर्ण्यातून निघालेला आवाज गिटारीच्या फळीवर आदळतो. फळी हलते, तिच्याबरोबर तार हलते, पिकअप ती हालचाल टिपतो आणि ध्वनिवर्धक ती वाढवून पुन्हा कर्ण्याकडे पाठवतो. रहाटगाडग्यासारखे हे चक्र सुरू होते आणि प्रत्येक फेऱ्यात आवाज फुगत जातो. पाहा गंमत: ज्या पोकळीने सुराला गोडी दिली, तीच पोकळी हा आक्रोश करते. गुण आणि दोष एकाच घरात नांदतात.

या त्रासावर कारागिरांनी आणि वादकांनी नाना उपाय केले. लेस पॉल या वादकाने 1940 च्या सुमारास पाइन लाकडाचा भरीव ओंडका मधे घातला आणि त्याच्या दोन बाजूंना गिटारीचे अर्धे-अर्धे अंग जोडले. 1950 साली फेंडर कंपनीने सबंध भरीव फळीची गिटार विकायला काढली. तिला पोटच नाही, त्यामुळे घुमण्याचा प्रश्न मिटला. पण घुमण्याची गोडीही गेली. 1958 साली गिब्सन कंपनीने मधला मार्ग काढला. ईएस-335 या गिटारीत मधे मेपल लाकडाचा भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळी. बी. बी. किंग हा ब्लूज संगीताचा थोर गायक-वादक आपल्या गिटारीच्या एफ भोकांत कापड कोंबून ठेवी. पुढे कंपनीने त्याच्यासाठी भोकेच नसलेली गिटार घडवली. चेट ॲटकिन्स या वादकासाठी ग्रेच कंपनीने काढलेल्या एका गिटारीवर तर एफ नुसते रंगवलेले होते. आणि काहींनी या रुसव्यालाच कामाला लावले. 1964 साली बीटल्स या इंग्रज चौकडीने एका गाण्याच्या सुरुवातीला हा घुमारा मुद्दाम घेतला.

तुम्हाला मात्र इतके काही करावे लागणार नाही. साध्या गोष्टी पुरे आहेत. कर्ण्याच्या अगदी समोर, त्याच्याकडे गिटारीचे तोंड करून बसू नका. थोडे अंतर ठेवा आणि बाजूला सरा. ध्वनिवर्धकावरचा खर्जाचा खटका कमी करा, कारण पोकळ पेटी खालच्या सुरांवरच आधी पेट घेते. आवाज लागेल तेवढाच वाढवा. घुमारा सुरू झालाच तर तळहात तारांवर ठेवा आणि गिटारीवरचे आवाजाचे बटण खाली आणा. तेवढ्याने तो शांत होतो.

दुसरा आवाज असतो गुणगुणण्याचा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. तिची भणभण पिकअप उचलतो. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने 1955 साली यावर तोडगा काढला. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की बाहेरची भणभण एकमेकींना मारते आणि तारेचा सूर शिल्लक राहतो. विकत घेताना असा दुहेरी पिकअप आहे का, ते विचारा.

घेताना आणखी काय पाहावे? पोकळ गिटारी दोन जातींच्या. एकीची फळी सलग लाकडातून कोरलेली असते. ती महाग आणि हळवी. दुसरीची फळी लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून, दाबून केलेली असते. ती स्वस्त, सोशीक आणि घुमाऱ्याला थोडी कमी बळी पडणारी. दुसरी म्हणजे हलकी, असे समजू नका. 1949 साली निघालेली ईएस-175 ही जाझ वादकांची लाडकी गिटार याच दुसऱ्या जातीची आहे. नवशिक्याने खुशाल हीच घ्यावी. दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का पाहावे. प्रत्येक पडद्यावर तार दाबून कुठे खरखर येते का ऐकावे. आणि मांडीवर घेऊन पाहावे, कारण अंग 16 इंच रुंद असते. लहान चणीच्या मुलाचा हात त्यावरून नीट पोहोचला पाहिजे.

घोडीविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळशा पोकळ गिटारींची घोडी फळीला चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की घोडी हातात येते आणि सुराचा हिशेब बिघडतो. म्हणून तारा एकेक करून बदलाव्या. घोडी जागेवर आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. तिथे तारेला नुसता बोटाचा स्पर्श करून छेडा, मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा आला तर घोडी दांडीपासून जरा लांब सरकवा. उतरला तर जवळ आणा.

आता हवामान. या वाद्याला फार दमट हवाही नको आणि फार कोरडीही नको. हवेतला ओलावा शेकडा 45 ते 55 असला म्हणजे ते सुखी असते. आपल्याकडे कोकणात आषाढ-श्रावणात भिंतीला पाणी सुटते. तेव्हा फळी ओलावा पिऊन फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखात लाकूड आकसते आणि चिरते. यासाठी गिटार भिंतीला टांगून ठेवू नये, तिच्या कडक पेटीत ठेवावी. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती कधी ठेवू नये. उष्णतेने सरस सुटतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या, म्हणजे घामाने गंज चढत नाही. आपली मिरजेची तंतुवाद्ये करणारी मंडळी भोपळा चांगला सुकल्यावाचून त्याला हात लावत नाहीत. वाळलेले आणि जपलेले वाद्यच गाते, हा नियम सगळीकडे सारखा.

विजेची काळजी सर्वांत आधी. 1972 साली ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा तरुण गिटारवादक भर मंचावर विजेच्या धक्क्याने मेला. जमिनीशी नीट न जोडलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. गिटारीच्या तारा ध्वनिवर्धकाच्या धातूशी जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर असतात, हे विसरू नका. अर्थिंग असलेली तीन पिनांचीच जोडणी वापरा. तिसरी पिन मोडून काम चालवू नका. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वाजवू नका. ध्वनिवर्धक बंद केला तरी त्याच्या पोटात वीज साठून राहते. तो जाणत्या माणसाखेरीज कुणी उघडू नये.

हे पाहुणे वाद्य आपल्याकडे रुळले का? रुळले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतले जाझ आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद पेलले. फुगीर छातीच्या या गिटारीवर चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून पंडित विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग मांडले. त्यांच्या वादनाच्या एका तबकडीला 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

शेवटी खेड्यातल्या वादकाच्या सोयीची गोष्ट सांगतो. रात्री वीज गेली की भरीव गिटार जवळजवळ मुकी होते. पोकळ गिटार तशी होत नाही. तिचे स्वतःचे पोट आहे. कंदिलाच्या उजेडात, ओसरीवर चार माणसांना ऐकू जाईल इतकी ती विजेवाचून बोलते. म्हणून शिकणाऱ्याने पहिले सहा महिने ध्वनिवर्धकाचे नाव काढू नये. रोज अर्धा तास, नुसत्या लाकडाच्या आवाजावर बोटे घासावी. बोटांची टोके आधी दुखतील, मग त्यांना घट्टे पडतील. सूर स्वच्छ येऊ लागला की मग वीज जोडावी. वीज फक्त मोठे करते. जे मुळात गोड आहे ते ती गोड मोठे करील आणि जे बेसूर आहे तेही तितक्याच इमानाने मोठे करील.